विषय: अभ्यासिकेतली सहा मशीन रात्री बंद करायची का?

(टोरोंटोतल्या सोलापूरकरांच्या मंडळाची मेल-यादी. नावाच्या जागी ज्याचं त्याचं सोलापुरातलं ठिकाण. वेळा टोरोंटोच्या; सोलापूरची असेल तिथे तसं लिहिलंय.)

होटगी रोड | शनिवार, सकाळी 10:12

मंडळी, सोलापूरहून बाळीवेसच्या काकांचा काल रात्री फोन आला, म्हणून घाईत लिहितोय. अभ्यासिकेतले मंडळाचे सहा संगणक रात्रभर कॅन्सर संशोधनाचं काम करतात, ते म्हणतात, आता बंद करा. पंखे ओरडतात, खोली तापते, घरमालकही कुरकुर करायला लागलेत. एप्रिल लागायच्या आत काय ते ठरवावं लागेल.

माझं मत विचाराल तर बंद करू नयेत. रात्री अकरा ते सकाळी सहा खोलीला कुलूप असतं, मशीनला कोणी हात लावत नाही. डिसेंबरपासून एकही दिवस मुलांचं काम अडलेलं नाही. ज्यांनी तेव्हाचे मेल वाचले नाहीत त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: मॅपिंग कॅन्सर मार्कर्स हा प्रकल्प 2013 पासून चालू आहे, तोही इथूनच, टोरोंटोतून. फुफ्फुसाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचे नमुने घेऊन कुठली जनुकं एकत्र पाहिली की रोग लवकर ओळखता येईल, हे त्यात शोधतात. जनुकांचे गट इतके निघतात की एका प्रयोगशाळेला ते झेपत नाही. म्हणून कामाचे तुकडे पाडून घरोघरच्या संगणकांना वाटतात. आपलं मशीन एक तुकडा सोडवतं, उत्तर पाठवतं आणि पुढचा मागून घेतं.

पडून राहिलेल्या मशीनने एवढं केलं तर कोणाचं काय जातं?

---

खजिनदार | शनिवार, दुपारी 1:05

> कोणाचं काय जातं?

लाईट बिल जातं. मी डिसेंबरमध्येही विचारलं होतं, तेव्हा "नगण्य" असं उत्तर आलं होतं. आता आकडे मांडतो.

ही जुनी मशीन पूर्ण ताकदीने चालली की एकेक साधारण 90 वॅट घेतं. सहा मशीन, सात तास, म्हणजे रात्रीला पावणेचार युनिट. महिन्याला 113. अभ्यासिकेचं आधीचं बिल महिन्याला 85 युनिटांच्या आसपास यायचं. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, 101 ते 300 चा बराच जास्त. म्हणजे आपण वाढवलेली जवळजवळ सगळी युनिटं वरच्या दराने पडतात. शिवाय मीटर घरमालकांच्या नावावर आहे, आणि त्यांनी जागा आपल्याला फुकट दिलेली आहे.

मशीन मंडळाची, हे मान्य. वीज मंडळाची नाही. कमिटीत हा विषय कधी आलाच नव्हता.

---

विजापूर रोड | शनिवार, दुपारी 4:31

बिलाचं तुम्ही बघा. मला दुसरीच काळजी आहे. माझ्या भाच्याने कुठल्याशा लिंकवरून असंच काहीतरी घेतलं होतं, ते क्रिप्टो मायनिंगचं, म्हणजे आभासी चलन कमावण्याचं निघालं. मशीन महिनाभर दुसऱ्याच कोणासाठी पैसे कमावत होतं. अभ्यासिकेत मुलं परीक्षांचे अर्ज भरतात, आधारचे नंबर टाकतात. तिथलं सॉफ्टवेअर नेमकं कुठून घेतलं?

आणि ही प्रथिनांची घडी-बिडी ओळखायची कामं आता एआय करतं ना? मग आपली मशीन कशाला तापवायची?

---

होटगी रोड | शनिवार, संध्याकाळी 6:48

वहिनी, सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून घेतलंय आणि वेगळ्या अकाउंटमध्ये टाकलंय. मुलांच्या फायलींपर्यंत ते पोचत नाही. तुमची शंका रास्त आहे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या लिंकवरून हे कोणीही, कधीही घेऊ नये.

एआयचं म्हणाल तर प्रथिनांची घडी कशी पडते हे अल्फाफोल्ड या एआयने 2020 मध्ये फार छान सांगून दाखवलं. पण तो एका क्षणाचा फोटो. प्रथिन सतत हलतं, त्यात फटी उघडतात, मिटतात, आणि औषधाला शिरायला कधी कधी तीच फट लागते. ती हालचाल बघण्याचं काम फोल्डिंग ॲट होम हा असाच घरोघरच्या संगणकांवरचा प्रकल्प 2000 सालापासून करतोय. आणि ज्या डेव्हिड बेकर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यांच्याच प्रयोगशाळेने 2005 मध्ये घड्यांसाठीच रोझेटा ॲट होम सुरू करून लोकांकडे घरचे संगणक मागितले होते.

आपल्याकडचा प्रकल्प घड्यांचा नाहीच, जनुकांचा आहे.

---

साखर पेठ | शनिवार, रात्री 8:05

मी या यादीवर फारशी लिहीत नाही. कॅन्सरचा विषय निघाला म्हणून लिहिते.

आई विड्या वळायची. सुपात तंबाखू, मांडीवर पानांची चळत, शेजारी पानं कापायची कात्री. घरभर तो वास असायचा. आम्ही भावंडं त्या वासातच अभ्यास केला. तिला उपचाराला बार्शीला न्यायचो, पहाटेच्या एसटीने. तिथे मला पहिल्यांदा कळलं की देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली आपल्या बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या 346 गावांत माणसं फिरायची. पारावर बसायची, गाठ आहे का, अंगावरून जातंय का विचारायची, लोकांना दवाखान्यात यायला सांगायची. तोवर खेड्यात कॅन्सर किती, याची मोजदादच नव्हती.

संगणक जे सोडवतात ती माहिती अशीच कोणाच्या तरी अंगातून आलेली असते. म्हणून मला हे काम मनापासून पटतं. पण ज्याला परवडत नाही त्याच्या मीटरवर ते चालू नये, हेही तितकंच पटतं.

---

सात रस्ता | शनिवार, रात्री 8:30

ताई, वाचून गलबलून आलं. माझी मावशीही विड्याच वळायची, अशोक चौकात. कारखान्यात विड्या नेऊन द्यायला मी तिच्याबरोबर जायचो. दहा-वीस तरी खराब म्हणून बाजूला काढायचे, आणि तिचा चेहरा उतरायचा.

---

बाळीवेस | रविवार, सकाळी 7:15 (सोलापूर)

सगळ्यांचे मेल वाचले. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो.

अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. परवा चार नंबरच्या मशीनचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या पत्र्यांवर सुताचा थर, बोटाने ओढला तर अख्खी वातीसारखी पट्टी निघाली. ब्लोअर मारला तर खोलीभर धुरळा. पंख्याला वाराच मिळत नव्हता, तर तो ओरडणार नाही तर काय करणार? सगळ्या सहांना साफ करायला दोन दुपारी गेल्या. आवाज निम्मा झाला.

पण खोलीचं तसं नाही. पत्र्याचं छप्पर, रात्री खिडक्या बंद. सकाळी कुलूप काढलं की झळ तोंडावर येते. पहिला येणारा मुलगा परवा म्हणाला, "काका, आत भट्टी लावलालाव काय ओ?" अजून मार्च आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडेल तेव्हा ती पोरं तिथे बसणार कशी? अभ्यासिका त्यांची आहे.

आणि बिलाचं. घरमालकांनी जानेवारीत बिल दाखवलं, तेव्हापासून वरचे पैसे मी देतोय. सांगितलं नाही, कारण काम चांगलं होतं आणि लगेच बंद पडावं असं वाटलं नाही.

---

खजिनदार | शनिवार, रात्री 10:55

काका, हे तुम्ही कळवायला हवं होतं. तीन महिन्यांची बिलं मोबाईलवर पाठवा. ती रक्कम मंडळ भरून देईल. कमिटीत मी मांडतो, त्याला कोणी नाही म्हणणार नाही.

---

होटगी रोड | शनिवार, रात्री 11:40

काका, चूक माझी. इथे बसून मी पडून राहिलेली मशीन मोजली. खोलीचं छप्पर पत्र्याचं आहे हे मला ठाऊक होतं, त्याच खोलीत मी बारावीचा अभ्यास केलाय. तरी ध्यानात आलं नाही.

सोलापूरची सहाही मशीन बंद करू या. त्याऐवजी इथली लावू. माझ्या अपार्टमेंटला विजेचे बेसबोर्ड हीटर आहेत, भिंतीच्या तळाशी बसवलेले. संगणकात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते, त्यामुळे थंडीत संगणकाने 100 वॅट खाल्ले तर हीटर तेवढे कमी खातो. ऑक्टोबर ते एप्रिल मला जवळपास काहीच जादा पडत नाही. मी दोन मशीन देतो. आणखी चार हवीत.

---

विजापूर रोड | रविवार, सकाळी 9:03

तुमच्याकडे बेसबोर्ड आहेत. आमच्याकडे घर तापवायला गॅसची फर्नेस, तिथे हा हिशेब बसत नाही. तरी एक लावते. प्रोसेसरचे अर्धेच कोर, म्हणजे अर्धीच ताकद वापरायची सोय असेल तर तसं करून द्या, माझी खोली शेजारीच आहे. सॉफ्टवेअर तुम्ही येऊन टाका, लिंक पाठवू नका.

---

सात रस्ता | रविवार, सकाळी 9:20

माझं एक धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी सोलापुरात गारवा असतो, तेव्हा तिथलीही दोन चालवता येतील. मंडळाने वेगळा मीटर बसवून दिला तरच.

---

खजिनदार | रविवार, सकाळी 9:34

मीटरचा विषय कृपया वेगळ्या मेलवर.

---

साखर पेठ | रविवार, सकाळी 10:10

राहिलेली दोन माझ्याकडे लावा. गॅसची फर्नेस असली तरी चालेल, बिल मी भरेन.

---

बाळीवेस | रविवार, रात्री 8:40 (सोलापूर)

पाच मशीन आज दुपारी बंद केली. चार नंबरवरचा तुकडा 71 टक्क्यांवर होता आणि मुदत उद्यापर्यंतची. अर्धवट राहिला तर तो पुन्हा दुसऱ्या कोणाला पहिल्यापासून करावा लागतो असं तूच सांगितलं होतंस, म्हणून तेवढं एक चालू ठेवलं. खिडकी उघडी ठेवून तिथेच पेपर वाचत बसलो. सव्वासातला पूर्ण झाला, उत्तर गेलं. मग मेन स्विच पाडला.

बिलांचे फोटो उद्या पाठवतो.