'रिमोट' मोडला मराठीत काय म्हणावं?

शिल्पा_क
मल्टिमीटर संगणकाला जोडून मापनं आपोआप कशी नोंदवायची, यावर विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका लिहिते आहे. 'रिमोट' आणि 'लोकल'पाशी अडलंय. संगणकाने ताबा घेतला की उपकरण रिमोटमध्ये जातं आणि समोरची बटणं दाद देत नाहीत. चालतं ते बहुधा 'लोकल'चं बटण तेवढं, ते दाबलं की ताबा परत समोरच्या बटणांकडे येतो. मी 'दूरस्थ' लिहिलं होतं. सहकारी म्हणतो, संगणक त्याच टेबलावर आहे, दूर कुठला? काही सुचतंय?

निरुक्तप्रेमी
अंतराचा संबंधच नाही, ताबा कोणाचा एवढाच प्रश्न. 'संगणकाधीन' आणि 'हस्ताधीन' लिहा. अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

खडूफळा
'हस्ताधीन' फोडूनच सांगावं लागेल, साहेब. उपकरणाच्या पडद्यावर रोमन अक्षरांत 'रिमोट' उमटणार आणि पोरगं पुस्तिकेत 'संगणकाधीन' वाचणार. टीव्हीपायी हा शब्द कधीच मराठी झालाय.

शिल्पा_क
टीव्हीचा रिमोट म्हणजे वस्तू, इथे ती उपकरणाची अवस्था आहे. म्हणून तर घोळ. पुढचं वाक्य असं आहे: 'क्रमिक (सीरियल) पोर्टवरून आदेश पाठवल्यावर...'

निरुक्तप्रेमी
'क्रमिक' म्हटलं की मला पुस्तकच आठवतं! शाळेत सीरीज जोडणीला 'एकसर' शिकलो ना? सर म्हणजे माळेतला पदर. एकाच तारेवरून बिट ओवल्यासारखे एकामागून एक येतात, तेव्हा 'एकसर संप्रेषण'. शब्द घरात असताना उसना का घ्यायचा?

जुना_मीटरवाला
एकसर जोडणीत सगळ्या रोधांतून एकाच वेळी तीच धारा वाहते. इथे बिट वेळेत एकामागून एक येतात. दोन्हीला एकच शब्द दिलात तर परीक्षेत काय उत्तरं येतील, याची कल्पना करा.

निरुक्तप्रेमी
'समांतर' मात्र दोन्हीकडे चालतो! प्रिंटरचा जुना पोर्ट समांतर आणि रोधांची जोडणीही समांतर. तेव्हा कोणाची उत्तरं चुकली?

मीरा७
एका प्रयोगशाळेत कपाटावर सीरियल केबलसाठी 'मालिका केबल' अशी चिठ्ठी पाहिली आहे. कोणीतरी कोश उघडून पहिला अर्थ उचलला असणार. नवीन मुलं तिथे फोटो काढून घ्यायची.

जुना_मीटरवाला
@शिल्पा_क, मूळ प्रश्नाबद्दल. या क्षेत्रात 'रिमोट' तारेच्या नावातही आहे. जीपीआयबी या मापन-उपकरणं संगणकाला जोडायच्या समांतर जोडणीत 'रिमोट एनेबल' नावाची स्वतंत्र तार असते. आरएस-२३२ या सीरियल जोडणीत तशी तार नाही, म्हणून काही मल्टिमीटरना मापनाच्या आदेशाआधी 'रिमोटमध्ये जा' असा वेगळा आदेश पाठवावा लागतो. तो विसरला की उपकरण त्रुटी दाखवतं आणि विद्यार्थी केबल बदलत बसतो. शब्द कोणताही घ्या, पण ही ओळ ठळक छापा. शिवाय दोन्ही टोकांना वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, अक्षर संपल्याचा १ स्टॉप बिट, असं जुळवायला सांगा. अक्षर सुरू झाल्याचा स्टार्ट बिट धरून अक्षरामागे १० बिट होतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. आदेशाच्या शेवटी ओळ संपल्याची खूण नसेल, तर उपकरण पुढच्या अक्षराची वाट पाहत गप्प बसतं.

खडूफळा
बघा, त्यांच्या उत्तरात 'एकसर' एकदाही आला नाही आणि सगळं कळलं.

निरुक्तप्रेमी
कळलं, कारण तुम्हाला इंग्रजी येतं. ज्याला येत नाही त्याचं काय? आणि ते ९६०० कसले? बॉड ना? तो शब्द एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रतज्ज्ञाच्या नावावरून आला. मग 'बोदो' लिहा, इंग्रजी उच्चाराची उसनवारी कशाला?

मीरा७
व्होल्टाचा शेवटचा 'आ' गाळून व्होल्ट केलाच ना आपण? एककाला माणसाचा उच्चार लागू होत नाही.

निरुक्तप्रेमी
तो आपण नाही गाळला, आयता गाळलेला घेतला.

शिल्पा_क
'बॉड' म्हणजे सेकंदाला किती बिट, असं लिहिलं आहे मी. चालेल?

जुना_मीटरवाला
या केबलपुरतं चालेल, कारण तारेवर व्होल्टेजच्या दोनच पातळ्या असतात, म्हणजे एका चिन्हात एकच बिट. व्याख्या म्हणून नको, बॉड सेकंदाला किती चिन्हं जातात ते मोजतो. जुन्या मोडेममध्ये २४०० बॉडवर सेकंदाला ९६०० बिट जायचे, एका चिन्हात ४ बिट.

निरुक्तप्रेमी
'चिन्ह' की 'संकेत'? तिथेही गोंधळ आहे. सिग्नललाही आपण संकेतच म्हणतो.

खडूफळा
सिग्नलला सिग्नल म्हणतो आपण.