अलेक्सांदर केस्क्युला : स्वातंत्र्यसैनिक की जर्मनीचा हस्तक?

प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या काळातील स्वित्झर्लंडविषयी वाचताना अलेक्सांदर केस्क्युला या एस्टोनियन गृहस्थांचे नाव समोर आले आणि ते मनातून जाईना. १८८२ सालचा जन्म, रशियातील १९०५ च्या क्रांतीत बोल्शेविकांची (लेनिनच्या पक्षाची) साथ, त्यानंतर परागंदा जीवन आणि १९१४ च्या सप्टेंबरपासून बर्नमधील जर्मन राजदूत गिझबर्ट फॉन रोमबर्ग यांच्याशी गुप्त संबंध. जर्मनीच्या पैशांतून त्यांनी लेनिनच्या पक्षाला मदत पोहोचवली. त्यांना स्वतःला मात्र झारच्या साम्राज्यातून मुक्त झालेला एस्टोनिया हवा होता. एका साम्राज्यापासून सुटण्यासाठी दुसऱ्याचे हेर झालेल्या माणसाला स्वातंत्र्यसैनिक म्हणावे का? जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

उत्तर देण्यापूर्वी केस्क्युला नेमके काय करत होते, हे पाहायला हवे. रशियाचा पराभव झाला तरच पारतंत्र्यातील राष्ट्रे सुटतील, असा त्यांचा हिशेब होता, आणि रशियन पक्षांमध्ये स्वतःच्या सरकारचा पराभव उघडपणे इष्ट मानणारे लेनिनच होते. म्हणून त्यांनी जर्मनीला लेनिनचे महत्त्व पटवून दिले. त्यांच्याकडून मिळालेली माहिती रोमबर्ग यांनी ३० सप्टेंबर १९१५ रोजी बर्लिनला कळवली. क्रांती झाल्यास लेनिन कोणत्या अटींवर तह करतील, याची ती यादी होती : प्रजासत्ताक, जमीनदारांच्या जमिनी जप्त करणे, आठ तासांचा कामाचा दिवस, साम्राज्यातील सर्व राष्ट्रसमूहांना पूर्ण स्वायत्तता, फ्रान्सची पर्वा न करता शांततेचा प्रस्ताव. त्याच यादीत रशियन फौजा हिंदुस्थानात धाडण्याचाही उल्लेख आहे, आणि मराठी वाचक त्या ओळीपाशी थबकल्याशिवाय राहणार नाही. जर्मनीला काय ऐकायला आवडेल, हे केस्क्युलांना चांगले ठाऊक होते, असे मला वाटते. पण त्याच यादीतील स्वायत्ततेचे कलम ज्याला जिवापेक्षा प्यारे होते, त्याला केवळ भाडोत्री खबऱ्या कसे म्हणावे?

प्रतिसाद २

हेतूबद्दल माझा आक्षेप नाही; परिणामांबद्दल आहे. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन सैन्य शहरात शिरले. ज्यांच्या पैशावर केस्क्युलांनी काम केले, त्यांनी नव्या सरकारला मान्यता तर दिली नाहीच, उलट त्याचे प्रमुख कॉन्स्टान्टिन पॅट्स यांना कैदेत टाकले. नोव्हेंबरमध्ये जर्मनी कोसळताच बोल्शेविकांची लाल सेना चालून आली, म्हणजे ज्या पक्षाला त्यांनी हात दिला होता, त्याच पक्षाच्या सैन्याशी एस्टोनियाच्या तरुणांना लढावे लागले. फिनलंडचे स्वयंसेवक आणि ब्रिटिश नौदल मदतीला आले नसते, तर सोव्हिएत रशियाने एस्टोनियाचे स्वातंत्र्य मान्य केलेला २ फेब्रुवारी १९२० चा टार्टूचा तह झाला असता की नाही, याची मला शंका आहे. स्वातंत्र्य रणांगणावर मिळाले. बर्नमधील गुप्त भेटींचे त्यातले श्रेय फार थोडे आहे.

प्रतिसाद ३

वरील मुद्दा मान्य करूनही एक तुलना सुचवतो. फिनलंडच्या कॉन्नी झिलियाकस यांनी रशिया-जपान युद्धात जपानी अधिकारी मोतोजिरो आकाशी यांच्याशी हातमिळवणी केली होती. त्या पैशांतून शस्त्रे घेऊन निघालेले ‘जॉन ग्राफ्टन’ जहाज १९०५ च्या सप्टेंबरमध्ये फिनलंडच्या किनाऱ्यापाशी खडकांवर अडकले आणि ते उडवून द्यावे लागले. मोहीम फसली, तरी झिलियाकस यांना स्वतंत्र फिनलंड पाहता आला आणि १९२४ साली मायदेशातच त्यांचा मृत्यू झाला.

केस्क्युलांना ते भाग्य लाभले नाही. देश स्वतंत्र झाल्यावरही त्याच्या राजकारणात त्यांना जागा मिळाली नाही, आणि १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तो देशच गिळला. म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांच्यासमोर पुन्हा तेच मॉस्कोचे राज्य होते, फक्त या वेळी झारऐवजी लेनिनच्या वारसांचे. १९६३ साली माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा एस्टोनियाच्या मुक्ततेला आणखी अठ्ठावीस वर्षे होती.

प्रश्नकर्त्यांनी विचारलेल्या शब्दाविषयी म्हणाल, तर मी त्यांना स्वातंत्र्यसैनिकच म्हणेन. त्यांची चूक साधनाच्या निवडीत नव्हती, कारण दहा-बारा लाखांच्या राष्ट्रातील परागंदा माणसाकडे दुसरे साधन तरी कोणते होते? लेनिन एकदा सत्तेवर आले की स्वायत्ततेचे कलम पाळतील, हे त्यांनी गृहीत धरले, तिथे मात्र ते चुकले.