गळका रेग्युलेटर फेकायचा कशाला?

कॉर्नीवाला (न्यू जर्सी):
काल इथे कुणीतरी केगच्या (बीअरच्या पिंपाच्या) रेग्युलेटरबद्दल, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी करून देणाऱ्या उपकरणाबद्दल, ठणकावून लिहिलं, "केगचा रेग्युलेटर गळला की कचऱ्यात टाका, घरी उघडेल तो मूर्ख." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझे कार्बन डायऑक्साइडचे पाच पौंडांचे दोन सिलिंडर आठ-आठ दिवसांत रिकामे झाले. मीही रेग्युलेटरलाच शिव्या घातल्या. शेवटी साबणाचं पाणी फवारलं, तर बुडबुडे सिलिंडरच्या जोडातून! वायसर चेपला होता. नवा घातला, टेफ्लॉन टेप गुंडाळली, पान्याने आवळलं, गळती बंद. रेग्युलेटरच्या बॉनेटमधून (नॉबखालच्या टोपणातून) बुडबुडे येत असतील तर डायफ्राम (आतला दाब सांभाळणारा पडदा) गेला समजा. त्याचंही किट मिळतं.

हॉप्सप्रेमी:
मूर्ख म्हणणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. सिलिंडरच्या आत ८०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर प्रेशर असतं. माझ्या मित्राने असंच किट बसवलं. दाबाचा काटा १२ वर लावून झोपला, सकाळी ४० वर. पॉपेटच्या (आतल्या छोट्या झडपेच्या) सीटवर, म्हणजे बैठकीवर, कचरा राहिला होता. आणि तुमचे सिलिंडर तळघरातच असणार. पाच पौंड म्हणजे बाराशे लिटरहून जास्त गॅस, हवेपेक्षा जड, खालीच साचतो. घरात मुलं आहेत ना?

सान होजेकर:
तो वाद नंतर. त्या जोडावर टेप कुणी लावायला सांगितली? तिथे गॅस वायसर अडवतो, आटे नाहीत. टेपचा तुकडा आत गेला की सीट खराब. टेप लागते ती मीटरच्या निमुळत्या आट्यांना. दर वेळी हेच सांगून थकलो!

कॉर्नीवाला:
दोन वर्षं टेप लावतोय, काही बिघडलं नाही. पुस्तकी ज्ञान नको.

सान होजेकर:
पुस्तकी? तुमचे दोन सिलिंडर हवेत गेले तेव्हाही तीच टेप होती ना? मग तिने काय अडवलं?

मिशिगनची माई:
भांडा खुशाल, पण मला वेगळाच राग आहे. नवाकोरा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर भरायला नेला, तर दुकानदाराने अदलाबदलीत गंजका स्टीलचा दिला. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या सिलिंडरच्या तपासणीला) पाच वर्षं उलटलेली, त्यामुळे दुसरं दुकान भरून देईना. आणि हो, सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा ८५० वरून साडेपाचशेच्या आसपास येतो. ती गळती नव्हे, थंडी. आमच्या ह्यांनी तेवढ्यावरून चांगला रेग्युलेटर खोलला. गॅस किती उरला ते वजनावरून बघा.

कॉर्नीवाला:
आत्ता टेप काढून नुसत्या वायसरवर आवळलं. एक बुडबुडा नाही. सान होजेकर, ठीक आहे, टेपचं तुमचं खरं. फेकण्याचं मात्र अजिबात पटलेलं नाही.

हॉप्सप्रेमी:
वायसर बदलायला माझी कधीच ना नव्हती. बॉनेट खोलायचंच असेल तर सिलिंडर बंद करा, दोन्ही काटे शून्यावर येऊ द्या, नॉब पूर्ण सैल करा. आणि ते काम तळघरात नको, अंगणात करा.