चर्चा: ‘थ्रॉटल’ म्हणजे गळा दाबणे, ‘आवळणे’ लिहू नये

वाक्यखंड (धागाकर्ता)
शवविच्छेदनाच्या इंग्रजी अहवालात मृत्यूचं कारण ‘थ्रॉटलिंग’ असतं आणि मराठी बातमीत ‘गळा आवळून खून’ छापून येतं. आपल्याकडच्या न्यायवैद्यकात थ्रॉटलिंग म्हणजे हाताने गळा दाबणं. दोरी, ओढणी, वायर वापरली असेल तर ‘लिगेचर स्ट्रँग्युलेशन’ लिहितात. मराठीत हा फरक आधीपासून आहे: हाताने दाबतात, दोरीने आवळतात. लटकल्यामुळे असेल तर गळफास, नाक-तोंड बंद केलं तर ‘स्मदर’, आणि शेंगदाणा किंवा घास श्वासनलिकेत अडकला तर ‘चोक’. हे सगळं ‘आवळून’मध्ये कोंबलं की दोरी वापरली होती की नाही, हेच वाचकाला कळत नाही. खटल्यात तर पहिला प्रश्न तोच असतो. तेव्हा थ्रॉटलला ‘गळा दाबणे’ हाच प्रतिशब्द पक्का करावा.

शब्दवेल्हाळ
सहमत नाही. एका शाखेची परिभाषा तुम्ही सगळ्या भाषेवर लादताय. ‘थ्रॉटल’ हे इंग्रजी क्रियापद साधारण १४००च्या सुमाराचं. ‘थ्रोट’ला ‘ल’चा प्रत्यय लागून ते झालं असावं, ‘स्पार्कल’, ‘क्रॅकल’मध्ये क्रिया पुन्हापुन्हा होते हे दाखवणारा प्रत्यय तोच. या व्युत्पत्तीत घसा आहे, हात कुठेच नाही. नाम म्हणून ‘थ्रॉटल’चा जुना अर्थही नरडं असाच.

जर्मन भाषेत याच घराण्यातलं ‘एरड्रॉसेल्न’ आहे. तिथले न्यायवैद्यक ते दोरीने आवळण्यासाठी वापरतात आणि हाताने दाबण्याला ‘एरव्युर्गेन’ म्हणतात. म्हणजे तुमच्या नियमाच्या बरोबर उलट! उलट दोरीचा अर्थ मुळात आहे तो ‘स्ट्रँगल’मध्ये. ग्रीक ‘स्ट्रँगाले’ म्हणजे फास. तिथून लॅटिन, जुनी फ्रेंच आणि मग इंग्रजी. तरीही आज इंग्रजीत ‘मॅन्युअल स्ट्रँग्युलेशन’ म्हणजे हाताने दाबणं हा रूढ शब्द आहेच. मुळावरून आजचा अर्थ ठरत नाही, आणि एका देशातल्या पाठ्यपुस्तकांवरूनही ठरू नये.

कंठास्थी
बातमी भारतातल्या शवविच्छेदनाची असेल तर भारतीय परिभाषाच लागू होणार. जर्मन वापर इथे कामाचा नाही. आणि हा भेद निव्वळ शब्दांचा नाही, मानेवर दिसतो. हाताने दाबलं असेल तर बोटांचे गोल व्रण आणि नखांचे चंद्रकोरीसारखे ओरखडे, बहुधा दोन्ही बाजूंना. दोरीने आवळलं असेल तर मानेभोवती आडवा, सहसा पूर्ण फिरलेला वळ, कंठमण्याच्या पातळीवर किंवा त्याखाली. गळफासात वळ तिरका, बहुधा कंठमण्याच्या वर, आणि गाठीपाशी तुटलेला.

जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाचं छोटं हाड असतं. ते मोडणं दोरीपेक्षा हाताच्या दाबात जास्त आढळतं. पण बातम्यांत ‘हाड मोडलेलं नाही, म्हणजे गळा दाबला नाही’ असा निष्कर्ष काढतात, तो चूक. साधारण चाळिशीच्या आत या हाडाचे भाग पुरते सांधलेले नसतात. दाबाने ते मोडण्याऐवजी लवतं.

धागाकर्त्यांना एक पुरवणी. प्राथमिक खबरीत किंवा पोलिसांच्या पत्रकात ‘थ्रॉटल्ड’ असेल तर त्यावर फार विसंबू नका. तो शब्द शवविच्छेदनाआधी सैलपणे लिहिलेला असू शकतो. अहवालातला ‘लिगेचर’ शब्द आणि व्रणांचं वर्णन पाहा, मगच क्रियापद निवडा.

चोक_ओढा
गाड्यांचं काम करणारे हा शब्द सगळ्यात जास्त वापरतात, त्यांना कोणी विचारलंच नाही. वॅटच्या वाफेच्या इंजिनात ‘थ्रॉटल व्हॉल्व्ह’ होता. १७८८मध्ये त्याने फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) त्याला जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि झडप वाफेची वाट अरुंद करायची. इथे थ्रॉटल करणं म्हणजे वाट अरुंद करून प्रवाह कमी करणं. हात की दोरी, हा प्रश्नच नाही.

‘फुल थ्रॉटल’ म्हणजे झडप पूर्ण उघडी, म्हणून वेग जास्त. त्यामुळे ‘कंपनीने इंटरनेट थ्रॉटल केलं’चं भाषांतर ‘वेग वाढवला’ असं करणाऱ्यांची फसगत होते. रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आणतात, ते थ्रॉटलिंग. प्रोसेसर तापल्यावर स्वतःची गती उतरवतो, तेही थ्रॉटलिंग. नुसतं ‘थ्रॉटल’ क्रियापद आलं की कमी करणं, ‘थ्रॉटल अप’ आलं तरच वाढवणं.

आणि चोक वेगळा. पट्टीच्या कार्ब्युरेटरमध्ये (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) चोकची पट्टी हवा शिरते त्या तोंडाशी असते, थ्रॉटलची पुढे इंजिनाच्या बाजूला. थंड इंजिन सुरू करताना चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिन तापल्यावरही चोक ओढलेला राहिला तर काळा धूर, प्लगवर काजळी आणि गाडी बंद. थ्रॉटल हवा-पेट्रोलचं तयार मिश्रण किती आत जाईल ते ठरवतो, त्याला आपण ‘रेस देणं’ म्हणतो. दोन्हींना ‘गळा दाबणे’ लावून बघा, काहीच समजणार नाही.

वाक्यखंड
@चोक_ओढा, यंत्राच्या मजकुरात मी ‘गळा’ आणणारच नाही. तिथे ‘वेग उतरवला’, ‘प्रवाह कमी केला’ असं सरळ लिहावं. माझा आग्रह माणसाच्या गळ्यापुरता.

@शब्दवेल्हाळ, मुळावरून अर्थ ठरत नाही हे तुमचंच वाक्य. मग १४०० सालच्या व्युत्पत्तीने माझा नियम कसा मोडतो? अहवाल लिहिणारा डॉक्टर ज्या अर्थाने शब्द लिहितो, तोच अर्थ मराठीत उतरला पाहिजे.

शब्दवेल्हाळ
अहवालापुरतं मान्य. पण कादंबरीत, अग्रलेखात, वादविवादात तुमचा नियम चालत नाही. तिथे ‘थ्रॉटल’ला ‘नरडं धरणे’, ‘गळा घोटणे’, ‘गळचेपी’ असे कितीतरी जिवंत पर्याय आहेत. रागाच्या भरात म्हटलेलं ‘आय कुड थ्रॉटल हिम’ हे ‘त्याचं नरडंच धरावंसं वाटतं’ असंच यायला हवं. ‘मी त्याचा गळा दाबू शकेन’ ही धमकी झाली.

कंठास्थी
त्या यादीत ‘मुस्कटदाबी’ घेतली नाहीत ते बरं केलंत. सेन्सॉरशिपच्या बातम्यांत ‘थ्रॉटल’ला हा शब्द सर्रास लावतात. पण मुस्कटदाबीत तोंड बंद केलं जातं. ते ‘गॅग’ किंवा ‘मझल’च्या जवळचं. वृत्तपत्राचा कागद, जाहिराती, पैसा रोखला तर गळचेपी. छापायलाच बंदी घातली तर मुस्कटदाबी.