हजाराची माळ आणि मायनस सहा

ग्रुप : सर्व सभासद (फक्त कामाचे मेसेज टाकावेत)

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

मंगल, अ-४०२ (रात्री ८:१२) : ब विंगच्या पार्किंगमध्ये आत्ता हजाराची माळ कुणी लावली? काल भाऊबीज झाली, दिवाळी संपली. माझ्या गाडीच्या सीटवर लाल कागदाचा ढीग पडलाय, आणि तो झटकला तर खाली बोट जाईल एवढं भोक. नाव घेत नाही. ज्याचं त्याला माहीत आहे.

दीपक, क-३०१ : ओवाळणी उशिरा पोचली असेल ताई 😄

शबाना आपा, ब-१०२ : ओंकारनं लावली. मी गॅलरीत कपडे काढत होते. कशाची रे, विचारलं तर म्हणतो बुधवारचं दिवाळं निघालं.

जोशी सर, ब-५०१ : आज शुक्रवार आहे.

अण्णा, क-४०४ : बुधवार पेठेत काय झालं? कुणाचं दुकान बुडालं?

ओंकार, ब-२०३ : अण्णा, पेठ नाही. शेफिल्ड वेन्सडे. इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. आज क्लब आणि मैदानाची कंपनी दोन्ही प्रशासकाच्या ताब्यात गेल्या. त्याची शिक्षा म्हणून लीगनं बारा पॉइंट कापले. अकरा मॅचचे सहा होते, आता मायनस सहा. मंगल काकू, सीटचे पैसे देतो, पण माळ लावायचीच होती.

मंगल, अ-४०२ : माझ्या मेघनाचा क्लब आहे तो. तिच्या घरी सुतक आणि तू इथं फटाके उडव. तिकडं शिकायला होतास तेव्हा दर पार्सलात तुझ्यासाठी वेगळी शेंगा चटणी बांधत होते मी. पातळ भाकरी पण.

ओंकार, ब-२०३ : काकू, चटणी वेगळी, क्लब वेगळा. मी शेफिल्डच्याच दुसऱ्या क्लबचा, युनायटेडवाला आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे.

जोशी सर, ब-५०१ : क्लबचं नाव बुधवार का?

ओंकार, ब-२०३ : सर, आधी तो क्रिकेट क्लब होता, १८२० चा. खेळणाऱ्या कारागिरांना बुधवारी अर्धी सुट्टी असायची, म्हणून त्या दिवशी खेळायचे. फुटबॉल १८६७ पासून.

दीपक, क-३०१ : आपल्याकडं पण बुधवारी पाणी यायचं. तेही गेलं 😂

सचिव, अ-१०१ : सर्व सभासदांना नम्र विनंती. क विंग लिफ्ट दुरुस्ती निधी : १२ पैकी ८ सभासदांनी रक्कम भरली आहे. उर्वरित ४ सभासदांनी त्वरित भरावी. पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत लिफ्ट बंद राहील. सहकार्य अपेक्षित.

अण्णा, क-४०४ : मालकाचं काय झालं?

सचिव, अ-१०१ : कोणत्या मालकाचं?

अण्णा, क-४०४ : त्या बुधवारच्या.

मेघना (शेफिल्ड) : आई, सोड गं. ओंकार, हस, पोट दुखेपर्यंत हस. फक्त दिवाळं हा शब्द तुझ्या तोंडात शोभत नाही. गेल्या सीझनला तुमचे दोन पॉइंट का गेले होते ते सांग ना सगळ्यांना. दुसऱ्या क्लबांचे पैसे वेळेवर दिले नाहीत म्हणून. आणि यंदा पहिल्या सहा मॅच सलग हरलात तेव्हा मी माळ लावली नव्हती.

ओंकार, ब-२०३ : दोन आणि बारामध्ये फरक असतो.

दीपक, क-३०१ : अगदी बरोबर बोललास बे! मी सचिवांना तेच समजावतोय. माझे दोनच हप्ते राहिलेत.

सचिव, अ-१०१ : तीन.

जोशी सर, ब-५०१ : नियम म्हणजे नियम. मी आत्ताच वाचलं. डर्बी काउंटी म्हणून क्लब आहे. २०२१ मध्ये असाच बुडाला. आधी बारा, मग हिशेबातल्या गडबडीबद्दल आणखी नऊ, एकूण एकवीस कापले, खालच्या लीगमध्ये गेला. बरी नावाच्या क्लबला तर २०१९ मध्ये लीगमधून काढूनच टाकलं. शिस्त ही अशी असते. आपल्याकडं काय, गोड बोलून चालवतो आपण.

शबाना आपा, ब-१०२ : सर, रोख कुणाकडं?

जोशी सर, ब-५०१ : सर्वसाधारण बोललो.

दीपक, क-३०१ : सर्वसाधारण सभेत बोला मग.

अण्णा, क-४०४ : मालकाचं काय झालं, कुणी सांगेल का?

मेघना (शेफिल्ड) : अण्णा, मी सांगते. मालक थायलंडचे, देजफोन चानसिरी. टूना माशांच्या धंद्यातलं घराणं. २०१५ ला क्लब घेतला. पहिली दोन वर्षं पैसा ओतला. २०१६ ला बढतीची फायनल हरलो, तिथं जिंकलो असतो तर प्रीमियर लीगमध्ये असतो. मग खर्च भागेना. तेव्हा क्लबनं आपलं मैदान मालकाच्याच कंपनीला विकलं, सहा कोटी पौंडांना, आणि तो नफा चुकीच्या वर्षात दाखवला. त्याबद्दल २०२० मध्ये बारा पॉइंट कापले, अपिलात सहावर आले.

शबाना आपा, ब-१०२ : थांब थांब. आपलंच मैदान आपल्यालाच विकलं?

दीपक, क-३०१ : म्हणजे सचिवांनी सोसायटीची गच्ची स्वतःला विकून शिल्लक दाखवायची, तसं. मागच्या सचिवांना हे सुचलं नाही, टॉवरच्या भाड्यावरच थांबले बिचारे.

सचिव, अ-१०१ : टॉवरचा विषय मागच्या समितीचा आहे. ऑडिट झालं आहे. इथं नको.

मंगल, अ-४०२ : ऑडिट झालं, वाचून दाखवलं नाही.

सचिव, अ-१०१ : ताई, आपण माझ्या मोठ्या बहिणीसारख्या आहात, म्हणून गप्प बसतो.

मेघना (शेफिल्ड) : २०२३ मध्ये तर मालकांनी चाहत्यांकडंच पैसे मागितले. कर आणि पगार भागवायला वीस लाख पौंड. वीस हजार लोकांनी शंभर शंभर दिले की झालं, म्हणे.

जोशी सर, ब-५०१ : वर्गणी.

मेघना (शेफिल्ड) : यंदा खेळाडूंचे पगार किती वेळा लांबले. मैदानाचा एक स्टँड धोक्याचा म्हणून उन्हाळ्यात बंद होता. परवा बुधवारी घरच्या मैदानावर मॅच होती, तर लोकांनी बहिष्कार टाकला. माझ्या गल्लीत एक आजोबा आहेत, दर वर्षी सीझन तिकीट काढतात. निळापांढरा स्कार्फ गुंडाळून गेटासमोर फुटपाथवर उभे राहिले. आतून आवाज आला की मान वळवायचे, पण आत गेले नाहीत. मॅच संपल्यावर माझ्यासोबत चालत घरी आले. ओंकार, तुझी माळ त्यांच्यासाठी होती का?

(इथं दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. ओंकारच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ येत होतं आणि जात होतं.)

ओंकार, ब-२०३ : माळ चानसिरीसाठी होती.

मेघना (शेफिल्ड) : मग आमच्याकडून पण एक लाव 🙂 इथं सगळे नाचतायत तो गेला म्हणून. पॉइंट गेले त्याचं उद्या रडू.

दीपक, क-३०१ : आमच्या बार्सिलोनावर २०२१ मध्ये १३५ कोटी युरो कर्ज होतं. एक पॉइंट कुणी कापला नाही. मोठ्यांना वेगळा कायदा असतो, हे लक्षात घ्या.

ओंकार, ब-२०३ : शिक्षा नाही कशी, मेस्सी गेला की.

दीपक, क-३०१ : ते नको काढूस बे. जेवायला बसलोय.

अण्णा, क-४०४ : मला टायपिंग जमत नाही, नातवाकडून लिहून घेतोय. आमच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. सकाळी भोंगा वाजला नाही, तरी वडील डबा घेऊन गेले. गेटावरून परत आले. डबा उघडून घरीच जेवले, कुणाशी बोलले नाहीत. मालकाचा बंगला होता तसाच राहिला. आमच्या आईनं विड्या वळून आम्हाला वाढवलं. म्हणून विचारतोय, बारा पॉइंट कापले ते खेळणाऱ्या पोरांचे. त्या फुटपाथवरच्या म्हाताऱ्याचे. मालकाचे किती कापले?

जोशी सर, ब-५०१ : अण्णा, पण शिक्षा केलीच नाही तर उद्या प्रत्येक क्लब उधारीवर खेळाडू घेईल, आणि वेळेवर पैसे भरणारा हरेल. हे पण बघा. युनायटेडला दोन पॉइंट भोगावे लागले, मग यांना का सूट?

ओंकार, ब-२०३ : सर माझ्या बाजूनं बोलले, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

अण्णा, क-४०४ : सर, मी लिफ्टचे पैसे गणपतीत भरले. पावती आहे. दसऱ्यापासून गुडघ्यावर हात ठेवून चार मजले चढतोय. शिस्त चौघांना लावायची होती ना?

सचिव, अ-१०१ : अण्णा, आपल्याबद्दल आदर आहेच. पण लिफ्ट आठ जणांपुरती चालू करता येत नाही.

शबाना आपा, ब-१०२ : दीपकभाई, जेवण झालं का?

दीपक, क-३०१ : बोनस आला की भरतो म्हटलंय. सगळ्यांसमोर काढायची गरज नव्हती.

शबाना आपा, ब-१०२ : मी जेवणाचंच विचारलं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सचिव, अ-१०१ (पहाटे ५:०५) : पाणी आले आहे. टाकी भरल्यावर मोटार बंद करणे. ही जबाबदारी आज ब विंगची.

सचिव, अ-१०१ (सकाळी ९:३०) : सर्व सभासदांना नम्र विनंती. क विंग लिफ्ट दुरुस्ती निधी : १२ पैकी ८ सभासदांनी...

मंगल, अ-४०२ : कालच वाचलं.

सचिव, अ-१०१ : ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी.

मेघना (शेफिल्ड) (रात्री १०:१०) : आज ऑक्सफर्डशी मॅच झाली. १-२ हरलो. पण बहिष्कारवाले सगळे परत आले. क्लबच्या दुकानाबाहेर रांग, लोक हाताला येईल ते विकत घेत होते, तेवढेच पैसे क्लबला म्हणून. आजोबांनी आत जाऊन टोपी घेतली. घरी तसल्याच टोप्या आहेत त्यांच्याकडं.

ओंकार, ब-२०३ : बघितली मॅच. वाईट हरलात. २३ नोव्हेंबरला डर्बी आहे, म्हणजे आपल्या दोन क्लबांची मॅच, आमच्या मैदानावर, ब्रामल लेनवर. तोपर्यंत टिका म्हणजे झालं. नाहीतर आम्ही हरवायचं कुणाला?

मेघना (शेफिल्ड) : टिकतो. तू सीट बदलून दे आईची.

ओंकार, ब-२०३ : कव्हर आणलंय. निळंच मिळालं. घातलं तर घातलं, माझ्यावर उपकार.

मंगल, अ-४०२ : पांढऱ्या दोऱ्याची शिवण आहे त्याला. छान आहे.

अण्णा, क-४०४ : तो थायलंडला गेला का? की तिथंच आहे?

सचिव, अ-१०१ : क विंग लिफ्ट दुरुस्ती निधी : १२ पैकी ९ सभासदांनी रक्कम भरली आहे. उर्वरित ३...

शबाना आपा, ब-१०२ : नऊ? नववा कोण?

दीपक, क-३०१ : तो मी नव्हे 🙏

ओंकार, ब-२०३ : अण्णा, आज खाली येऊ नका. चटणी आणि दूध मी वर आणून देतो.

जोशी सर, ब-५०१ : ब विंग, सकाळपासून गच्चीवरून पाणी वाहतंय. मोटार कुणी बंद केली?