विषय: खानापूरच्या घराला ओल – वॉटरप्रूफिंग करून घेऊ का?

प्रेषक: खानापूरकर, मस्कत
नमस्कार मंडळी. गावाकडचं, बेळगावजवळच्या खानापूरचं घर जुनं, जांभ्याचं. मागच्या खोलीचं प्लास्टर कमरेपर्यंत सुटलंय. ठेकेदार म्हणतो, आतून वॉटरप्रूफिंग मारूया. आई-बाबा दोघंच असतात तिथं, मिरगाआधी काम उरकायचंय. कुणाला अनुभव?

प्रेषक: शहापूरवाला, न्यू जर्सी
आतून काही मारू नका आधी. जांभा पाणी पितो. पायाशी पाणी तुंबलं की ते भिंतीतून वर चढणारच. मागच्या अंगणात पेव्हर आहेत का? आपल्याकडं पेव्हर दिसायला छान सपाट बसवतात, उताराचं कुणी बघतच नाही. इथल्या बांधकाम नियमात भिंतीपासून १० फुटांत ६ इंच उतार मागतात. तिकडं तेवढी जागा कुठली! पण फरशी-पेव्हरला १० फुटांत अडीच इंच तरी पाहिजेच. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं लेव्हल लगेच कळते.

एक सांभाळा. उतारासाठी भिंतीलगत मुरूम टाकून भर घालू नका, जोतं बुजेल आणि ओल आणखी वर जाईल. बाहेरची बाजू खाली घ्या. आणि पन्हळ आहे का? हजार चौरस फुटांच्या छपरावर १ इंच पाऊस म्हणजे २,३५० लिटरच्या आसपास पाणी. खानापूरचा पाऊस काय, तुम्हाला मी सांगायला नको. पन्हळ नसेल तर ते सगळं वळचणीला, भिंतीच्या पायाशीच पडतंय.

प्रेषक: खानापूरकर, मस्कत
पेव्हर आहेत, पन्हळ नाही. त्यात डांबर चढून चढून रस्ताच अंगणापेक्षा वर आलाय. पाणी काढू कुठं?

प्रेषक: निपाणीची लेक, शारजा
दादा, फाटकाशी आडवी जाळीची गटार घ्या, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येणार नाही. ती आणि पन्हळीचा पाईप परसात शोषखड्ड्याला जोडा, पण खड्डा घरापासून आणि विहिरीपासून लांब. तुमच्या तांबड्या मातीत पाणी मुरेल. आमच्या निपाणीकडच्या काळ्या रानात मुरत नाही, माती नुसती फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. शेजाऱ्याकडं मात्र पाणी सोडू नका हां! आमच्या गल्लीत त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

प्रेषक: खानापूरकर, मस्कत
बाबा म्हणतात, सगळे पेव्हर उखडायचे म्हणजे खर्च.

प्रेषक: शहापूरवाला, न्यू जर्सी
आधी लेव्हल बघा, जिथं उलटा उतार आहे तेवढेच उचला. पेव्हर तेच पुन्हा बसतात, खालची कच फक्त नीट करायची. पन्हळ आणि उतार मिरगाआधी करा. प्लास्टरला मात्र हात दिवाळीनंतर, भिंत सुकली की.