गिरगावच्या गल्ल्यांना फुटपाथ हवेच कशाला?

मुगभाटकर
आमच्या गल्लीतला फुटपाथ जेमतेम दोन फूट. त्यावर विजेची पेटी, चाळीची पायरी आणि चार स्कूटर. आई भाजीची पिशवी घेऊन रस्त्यावरूनच चालते, सगळेच चालतात, आणि वर मागून हॉर्न खातात. आपल्या रस्ते-मानकांत फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. दोन्ही बाजूंना तेवढी दिली तर गाडीला वाटच उरत नाही.

माझं म्हणणं, फुटपाथ काढा आणि अख्खी गल्ली एका पातळीवर आणा. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरात १९६०च्या दशकाच्या अखेरीस असे रस्ते सुरू झाले, १९७६ साली त्यांना कायद्यात जागा मिळाली. चालणाऱ्याला पूर्ण रुंदी, मुलांना खेळायची मुभा, गाडीने माणसाच्या चालीने जायचं आणि आखलेल्या चौकोनातच उभं राहायचं. गाडीची सरळ वाट मुद्दाम वळणं देऊन मोडलेली असते, त्यामुळे पाटी न वाचताही वेग पडतो.

लालबागची_लेक
माझे बाबा अंध आहेत. पांढरी काठी फुटपाथच्या कडेला लावत ते रोज स्टेशनवर जातात. ती कड म्हणजे त्यांची भिंत. तुम्ही ती काढलीत तर गाडी कुठून येते हे त्यांनी कशावरून ओळखायचं? अशा रस्त्यांवर चालणारा आणि चालक नजरेने एकमेकांना समजून घेतात म्हणे. बाबांनी कोणाच्या नजरेत बघायचं? लंडनचा एक्झिबिशन रोड असाच एका पातळीवर आणायला अंधांच्या संस्थांनी नेमका याच कारणाने विरोध केला होता.

काळबादेवी_दुकानदार
एक पातळी झाली तर हातगाडीवाल्यांचे कष्ट वाचतील. पण मधोमध कुंड्या आणि खांब नकोत. आग लागली तर बंब आत शिरायला हवा.

रोज_चालणारा
विरोध. डेल्फ्टच्या त्या गल्लीत राहणाऱ्यांच्याच गाड्या येतात. आपल्याकडे सिग्नल चुकवायला दुचाकीवाले गल्लीत घुसतात. ब्रिटनच्या २००७च्या रस्ता-रचना पुस्तिकेत म्हटलंय की तासाला साधारण शंभर गाड्यांपर्यंतच माणसं रस्ता आपला मानून वापरतात. त्यावर गेलं की ती कडेने चालतात. आणि तुम्ही तर कडच काढताय! आधी गल्लीची आरपार वाहतूक बंद करा.

मुगभाटकर
आरपार वाहतुकीचं पटलं. एका टोकाला फक्त पायी जाता येईल असं करावं, बंबासाठी काढता येणारा खांब ठेवावा. ते नसेल तर माझी योजना मीच मागे घेईन.

लालबागची_लेक, तुमचा मुद्दा मी धरलाच नव्हता, चुकलं. लंडनच्या एका विद्यापीठातल्या चाचण्यांत ६० मिलिमीटरची कड अंध व्यक्तींना खात्रीने ओळखता आली. एका बाजूला तेवढी कड आणि फक्त चालणाऱ्यांची पट्टी ठेवली तर? चाकाच्या खुर्चीसाठी दाराशी उतार देता येतील.

लालबागची_लेक
कड राहणार असेल तर बोलू. पण पट्टी मोकळी कोण ठेवणार? आमच्याकडे अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरशांवर रोज सकाळी एक टेम्पो उभा असतो. बाबा त्याला वळसा घालायला रस्त्यात उतरतात, आणि परत फरशी सापडेपर्यंत रस्त्यातच असतात. पार्किंग काढायला तुमच्या गल्लीतले स्कूटरवाले तयार आहेत का, हे आधी विचारून सांगा.

मुगभाटकर
रविवारी चाळीची बैठक आहे. विचारतो.